वाचकांचे प्रश्न : मुक्काम कड्यावर की ओढ्याकाठी?

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा आणि इलिनॉय ही राज्यं मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यात एकमेकांना भिडतात. तिथल्या एका मोठ्या पट्ट्यात शेवटच्या हिमयुगातला बर्फ पोहोचलाच नाही. आसपासची जमीन रंधा मारल्यासारखी सपाट झाली, पण इथल्या दऱ्या, घळी आणि नदीवर उभे असलेले पाचशे फुटी कडे शाबूत राहिले. या भागाला 'ड्रिफ्टलेस' म्हणतात. उन्हाळा जवळ आला की तिथल्या तंबू-मुक्कामाबद्दल पत्रं येऊ लागतात. त्यांपैकी चार इथे घेतली आहेत.

मिनिआपोलिसहून एक वाचक : जूनअखेरीस दोन कुटुंबं, चार मुलं मिळून जाणार आहोत. मिनेसोटातल्या व्हाइटवॉटर पार्कमध्ये ओढ्याजवळची जागा मिळतेय आणि ग्रेट रिव्हर ब्लफ्समध्ये वर कड्यावरची. मुलांना पाणी हवंय. कुठली घ्यावी?

झोपायला वर, खेळायला खाली. दोन्ही पार्कांत गाडीने साधारण तासाभराचं अंतर आहे, तेव्हा दिवस ओढ्यावर काढून संध्याकाळी वर परतणं सहज जमतं. व्हाइटवॉटरला डास कमी ही ख्याती खरी आहे, कारण तिथलं पाणी झऱ्यांचं, थंड आणि वाहतं. पण तीच दरी रात्री दोन प्रकारे त्रास देते.

पहिला त्रास गारठ्याचा. आभाळ निरभ्र असेल तर थंड हवा उतारावरून घरंगळत तळाशी साचते. कड्यावर १४ अंश सेल्सिअस असताना ओढ्याकाठी ९-१० सहज होतं, आणि पहाटेच्या धुक्याने तंबू आतूनही ओला होतो. तंबूच्या जाळीच्या झडपा उघड्या ठेवल्या तर ओल कमी धरते. ऊब टिकावी म्हणून त्या बंद करणारे सकाळी ओले होऊन उठतात. स्लीपिंग बॅग ५ अंशांपर्यंत चालणारी घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अंगाखाली काय आहे ते. पाहुण्यांसाठी घरात असते ती जाड हवेची गादी इथे बर्फासारखी लागते, कारण तिच्या आतली हवा फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीला देऊन टाकते. तिच्यावर फोमची चटई घाला. तीही नसेल तर गोधडी पांघरण्याऐवजी अंगाखाली घ्या.

दुसरा धोका पुराचा, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. १९ ऑगस्ट २००७ रोजी याच भागातल्या होका गावी २४ तासांत १५.१ इंच, म्हणजे सुमारे ३८४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिनेसोटातला तो विक्रम आहे. त्या पुरात सात माणसं गेली आणि व्हाइटवॉटर पार्कची मोठी नासधूस झाली. २६ जुलैला ९४४ मिलिमीटर पाहिलेल्या मुंबईकराला हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथल्या दऱ्या अरुंद आहेत, उतार तीव्र आहेत आणि अख्ख्या पठाराचं पाणी एकाच ओढ्यात येतं. तुमच्या डोक्यावर चांदणं असतानाही वर दहा मैलांवर कोसळलेला पाऊस खाली पोहोचतो.

दरीतच राहावं लागलं तर तंबू ठोकण्याआधी काठावरची झुडपं बघा. फांद्यांच्या बेचक्यांत वाळकं गवत, काटक्या, एखादी प्लॅस्टिकची पिशवी एकाच दिशेला विंचरल्यासारखी अडकलेली दिसेल. ती कमरेएवढ्या उंचीवर असेल, तर मागच्या पुराचं पाणी तिथवर आलं होतं. घळीच्या तोंडाशी पसरलेल्या गोट्यांच्या सपाटीवर मुक्काम नकोच. ती जागा पाण्यानेच केलेली असते. बॅटरीवर चालणारा हवामान-रेडिओ जवळ ठेवा, कारण दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. ओढा अचानक गढूळ झाला आणि काटक्या वाहून यायला लागल्या, की सामान सोडून चढणीला लागा. रस्त्यावर पाणी असेल तर गाडी घालू नका. फूटभर वाहत्या पाण्यात लहान गाडी तरंगते.

वरही सगळं आलबेल नसतं. वारा जास्त असतो, म्हणून तंबूच्या सगळ्या दोऱ्या ताणून बांधा, आणि विजा कडाडायला लागल्या की गाडीत जाऊन बसा. जागा निवडताना मान वर करून पाहा. ॲशची झाडं भुंग्याच्या अळ्यांनी पोखरून वाळलेली आहेत, त्यांच्या फांद्या वारा नसतानाही पडतात.

आरक्षण मिनेसोटात १२० दिवस आधी खुलं होतं, विस्कॉन्सिनमध्ये ११ महिने आधी. विस्कॉन्सिनच्या बाजूला वायलुसिंग पार्कमधल्या 'विस्कॉन्सिन रिज' तळाच्या कडेवरच्या जागांवरून दोन नद्यांचा संगम दिसतो. त्या पटकन जातात.

शिकागोहून एक वाचक : सोबत पुण्याहून आलेले आई-बाबा असतील. झऱ्याचं पाणी तळ दिसेल इतकं नितळ असतं. बाबा म्हणतात, सह्याद्रीत गडावरच्या टाक्यांचं पाणी पीत आलोय, याला काय झालंय?

बाबांना सांगा, खडक वेगळा आहे. इथे चुनखडी आणि डोलोमाइट. पावसाचं पाणी खडक विरघळवत भेगा मोठ्या करतं, जमिनीला खड्डे पडतात आणि पठारावरच्या मक्याच्या शेतातलं किंवा गोठ्यातलं पाणी मातीतून गाळलं न जाता थेट त्या भेगांत उतरतं. कधी काही तासांत ते झऱ्यातून बाहेर पडतं. नितळ दिसतं, म्हणून स्वच्छ असतंच असं नाही.

खळाळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळलं तर जंतू मरतात. क्लोरीनच्या गोळ्या क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब करणाऱ्या परजीवीवर चालत नाहीत. साधा ट्रेकिंगचा फिल्टर जिवाणू अडवतो, पण खतातलं नायट्रेट अडवत नाही. उकळल्याने तर ते वाढतं, कारण पाणी आटतं आणि नायट्रेट मागे उरतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं दूध या पाण्यात कधीही कालवू नये. तळावरच्या नळाचं पाणी भरून घ्या. चालायला निघताना माणशी दोन लिटर, जुलैत तीन.

पाय बुडवायला काहीच हरकत नाही. पण झऱ्याचं पाणी भर उन्हाळ्यातही ९-१० अंशांचं असतं. मुलांचे ओठ निळसर दिसायला लागले की बाहेर काढून आधी कोरडे कपडे घाला.

मॅडिसनहून एक वाचक : गोचिडांची भीती वाटते. आणि पायवाटेवरच्या कुठल्या झाडांना हात लावू नये?

लाइम आजार पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडीची पिल्लं मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत सगळ्यात जास्त असतात. आकार खसखशीच्या दाण्याएवढा, त्यामुळे नजरेपेक्षा बोटांच्या स्पर्शावर भरवसा ठेवा. बूट, मोजे आणि पँटवर ०.५ टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी मोकळ्या हवेत फवारून पूर्ण वाळू द्या. ते कपड्यांसाठी आहे, अंगाला लावायचं नाही, आणि ओलं असताना मांजरांना विषारी ठरतं. उघड्या कातडीवर २०-३० टक्के डीट असलेलं कीटक पळवणारं मलम किंवा फवारा लावा. पँट मोज्यांत खोचा. दिसायला बावळट, पण गोचीड खालून वर चढते.

परतल्यावर कपडे न धुता आधी ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटं फिरवा. नुसत्या धुण्याने गोचिडी मरतीलच असं नाही. मग गुडघ्याच्या मागे, जांघेत, बेंबीत, कानामागे, मुलांच्या केसांत चाचपून बघा. चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरा आणि सरळ वर ओढा, पिळू नका. तेल, रॉकेल, पेटती काडी हे घरगुती उपाय इथे नकोत. लाइमचा संसर्ग व्हायला ती साधारण २४ तासांहून जास्त चिकटलेली असावी लागते, म्हणून रोज तपासणं हाच खरा बचाव. नंतरच्या महिन्याभरात पसरत जाणारा लालसर चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

झाडांपैकी दोन लक्षात ठेवा. पॉयझन आयव्हीची तीन-तीन पानं एकत्र असतात आणि मधल्या पानाचा देठ लांब. ही आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातली. बिब्बा उतणं म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. आंब्याच्या चिकाने ज्यांचं तोंड येतं त्यांनी जास्त जपावं. चीक लागला की लगेच साबणाने खसखसून धुवा.

दुसरी वाइल्ड पार्सनिप. जून-जुलैत रस्त्याकडेला माणसाएवढी उंच, वर पिवळ्या छत्र्या, अगदी फुललेला शेपू. ओळखीची वाटते म्हणून हात जातो. तिचा रस लागलेल्या जागी ऊन पडलं की दिवस-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन्महिने राहतात. रस लागलाच तर धुऊन ती जागा दोन दिवस उन्हापासून झाकून ठेवा.

रोचेस्टरहून एक वाचक : घरून लाकडं न्यावीत का? आणि कुकर चालेल का?

लाकडं नेऊ नका. ॲश पोखरणाऱ्या अळ्या सरपणातूनच नव्या जंगलात पोहोचतात. मिनेसोटाच्या पार्कांत फक्त मान्यताप्राप्त विक्रेत्यांचं सरपण चालतं, तेव्हा तिथेच घ्या.

कुकर खुशाल न्या. 'उंचावर डाळ शिजत नाही' ही तक्रार इथे लागू नाही. कड्यांचे माथे समुद्रसपाटीपासून १२००-१३०० फुटांच्या आसपास आहेत, पाणी अंशभरच लवकर उकळतं. डाळ शिजत नाही ती वाऱ्याने ज्योत पडते म्हणून. शेगडीला आडोसा हवा, पण सिलिंडरला चहूबाजूंनी वेढणारा पत्रा लावू नका, सिलिंडर तापून फुटू शकतो. एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये नुसत्या ब्यूटेनचा डबा पहाटे दगा देतो, कारण ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं. त्या दिवसांत प्रोपेन घ्या. भांडी ओढ्यात घासू नका, पाणी दोनशे फूट लांब नेऊन घासा. उरलेली खिचडी रात्री बाहेर ठेवू नका, गाडीत बंद करून ठेवा. रॅकूनला कुलर, म्हणजे खाणं थंड ठेवायची पेटी, उघडता येतो.