ग्लायडर चावतोय? आधी ते हातमोजे काढा

तुमची पोस्ट वाचली आणि चार वर्षांपूर्वीची मीच दिसले. तीन आठवडे झाले शुगर ग्लायडर (झाडांवर राहणारा, हवेत तरंगत झेप घेणारा छोटा प्राणी) घरी आणून, त्याच्या पाऊचमध्ये, म्हणजे झोपायच्या कापडी पिशवीत, हात घातला की क्रॅबिंग (घाबरल्यावर काढतात ती खरखर), मग चावा, म्हणून जाड हातमोजे घालून रोज अर्धा तास धरून बसता आणि वर विचारताय की हा माणसाळणारच नसेल तर परत द्यावा का. नका देऊ. निदान अजून तरी नको.

पिंजरा, खाणं वगैरे तुम्ही वाचलंच असणार, ते सोडून देते. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, माझ्याकडे दोनच ग्लायडर आहेत, त्यामुळे माझंच खरं असं काही नाही. पण हातमोज्यांच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेणार नाही.

कारण तो सल्ला मलाही मिळाला होता, आणि तोही एका क्लिनिकमधून. नाव घेत नाही. फोनवर "हो हो, सगळी लहान जनावरं बघतो" म्हणाले, तिथे गेल्यावर लक्षात आलं की ग्लायडर बहुतेक पहिल्यांदाच बघतायत, कारण त्याला उंदरासारखाच धरत होते. सल्ला काय, तर जाड हातमोजे घाला, घट्ट धरा, ओरडू दे, दमला की आपोआप शांत होईल, रोज करा. मी महिनाभर इमानेइतबारे केलं. आणि खरंच, दहाएक मिनिटांनी तो गप्प व्हायचा! मला वाटायचं जमलं. कसलं जमलं, भीतीने थिजून बसायचा बिचारा. डोळे वटारलेले, अंग कडक, समोर आवडीचं काही धरलं तरी चाटायचा नाही. शांत झालेला ग्लायडर खातो, अंग साफ करतो, नाहीतर झोपून जातो. एवढा फरक मला तेव्हा कुणी सांगितला असता तर पुढचे पाच महिने वाचले असते.

पाच महिने का, तर हातमोजे ज्या खणात ठेवायचे तो खण थोडा कुरकुरायचा. हातमोजे बंद केल्यावर कितीतरी आठवडे तो खण कुणीही उघडला, अगदी कात्री काढायला, की पाऊचमधून लगेच ती जुना मिक्सर अडकल्यासारखी खरखर सुरू. शेवटी खणच रिकामा करून टाकला. तुमचे हातमोजे कुठे ठेवता ते एकदा बघा.

शिवाय हा प्राणी माणूस ओळखतो तो मुख्यतः वासावरून, आणि आपण नेमका तोच झाकून टाकतो. वर हातमोज्यातून आपण किती दाबतोय तेही कळत नाही, आणि समोर शंभर-सव्वाशे ग्रॅमचा जीव!

मग मी काय केलं? धरणंच बंद केलं. रात्री अंगात घालून झोपलेल्या जुन्या टी-शर्टचा तुकडा त्याच्या झोपायच्या पाऊचमध्ये टाकायचा (सुटे धागे नकोत हां, नखं अडकतात, पाय दुखावतो). दिवसा तो झोपलेला असताना बाँडिंग पाऊच (त्याला सोबत घेऊन फिरायची छोटी कापडी पिशवी) गळ्यात घालून आपली कामं करायची, आत हात घालायचा नाही, उघडून बघायचं नाही, नुसतं बाहेरून हात ठेवायचा. आणि रात्री तो जागा झाला की त्याला घेऊन छोट्या तंबूत बसायचं. तंबू नसेल तर बाथरूम, पण कमोडचं झाकण बंद, बादली रिकामी, ग्लायडर पाण्यात बुडून मरतात. आत बसून मोबाईल बघायचा आणि त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. नवव्या की दहाव्या रात्री पाठीवर काहीतरी चढतंय असं वाटलं, मी श्वास रोखून बसले, तो खांद्यावरून दंडावर उतरला आणि बोटांच्या बेचक्यात पाच मिनिटं चाटत बसला. घामाचा खारटपणा, दुसरं काही नाही, पण मला रडू आलं.

हात न्यायचा तर वरून कधीच नाही. रानात घुबड त्यांच्यावर वरूनच झडप घालतं. मूठ बंद करून खालून, बाजूने, हळू न्यायची. शेपटी धरायची नाही, कधीच. आणि चावला तर हात झटकायचा नाही, हे लिहायला सोपं आहे, मला माहितीये, खालचे दात चांगले लांब असतात. पण हात मागे घेतला की त्याला एवढंच कळतं की चावलं की संकट टळतं. तोंडावर फुंकर मारायचा उपायही बऱ्याच ठिकाणी सांगतात, मला तो अजिबात पटत नाही.

दुसरं म्हणजे तुमच्याकडे एकच आहे ना? "दोन ठेवले की आपल्याशी बाँडिंग होत नाही" असं विकणारे सांगतात, माझा अनुभव नेमका उलटा. हे कळपात राहणारे प्राणी, एकटे पडले की काही तर स्वतःचीच शेपटी कुरतडायला लागतात. माझी दुसरी आली (आधी महिनाभर वेगळ्या खोलीत, मग घाई न करता ओळख, आणि नराचं नसबंदीचं ऑपरेशन आधीच) तेव्हा ती निवांत माझ्या हातावर चढते हे बघून हा पण आठवड्यात चढायला लागला. पण दहा-बारा वर्षं जगतात, दोघांचं सगळं झेपेल का ते बघून मगच आणा.

आणि एक, चावरेपणा अचानक सुरू झाला असेल किंवा मागचे पाय ओढत चालत असेल तर बाँडिंग वगैरे बाजूला ठेवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कॅल्शियम कमी पडलं की मागचे पाय जातात. फोनवर "ग्लायडर बघता का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आतापर्यंत किती बघितलेत" असं विचारा.

त्याचं वय आणि वजन पोस्टमध्ये नाहीये, तेवढं लिहा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाऊचसकट ठेवायचं आणि पाऊचचं वजन वजा करायचं. अगदी पिल्लू असेल तर तंबूची वेळ थोडी कमी ठेवावी लागेल, ते मग सांगते.