अंगावरचं पुरेना, मग?

प्रश्न : माझं सिझर झालं. मुलगा 5 आठवड्यांचा आहे. जन्मला तेव्हा 2 किलो 800 ग्रॅम होता, परवा 3 किलो 50 भरला. सहा महिने अंगावरचंच पाजायचं, असं मी ठरवलं होतं. डॉक्टरांनी त्याची जीभ, तोंडाची पकड, माझा थायरॉइड सगळं बघितलं आणि सोबत वरचं सुरू करा म्हणाले. पंपानं दोन्हीकडचं मिळून 30 मिली निघतं. सासूबाई म्हणतात, म्हशीच्या दुधात पाणी घालून दे. मेडिकलमधून पावडरचा डबा घेताना मला रडूच आलं. मी कमी पडले का?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : लेकीच्या वयाची आहेस, तूच म्हणते.

माझी थोरली झाली तेव्हा मी स्वतः बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते. दिवसभर दुसऱ्यांना पाजायला शिकवायचं आणि घरी आपलं पुरत नाही! पावडरचा डबा मी तांदळाच्या पिंपामागं लपवायची. शेजारची आली की पिंपावर सूप झाकायची. आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

आधी काट्याचं बघू. जन्माचं वजन दोनेक आठवड्यांत परत भरलं की पुढं रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढ हवी. म्हणजे उरलेल्या तीन आठवड्यांत निदान 400 ग्रॅम. तुझ्याकडं 250 च झालीत. डॉक्टर उगाच बोलले नाहीत. पंपाच्या 30 मिलीवर मात्र रडू नको. बाळ ओढतं तेवढं पंपाला ओढता येत नाही.

सहा महिने फक्त आईचं दूध हा सल्ला खराच आहे, पण तो बाळ वाढावं म्हणून. ते वाढत नसेल तर तुझा बेत बदल. दर वेळी आधी दोन्हीकडं पाज, मग डॉक्टरांनी सांगितलं तेवढं वरचं, वाटी-चमच्यानं. रात्रीचं पाजणं सोडू नको. पाजून झाल्यावर तासतासभर पंप धरून बसणं मात्र बंद कर. ती झोप तुझी.

म्हशीचं दूध नको, पाणी घालूनही नको. वर्षाच्या आत गाईचंही नाही. मध आणि गुटीही नको. पावडर डब्यावर लिहिलीय तशीच: आधी उकळलेलं पाणी मोजायचं, मग सपाट चमचा. डबा महाग म्हणून पातळ केलंस तर पोट भरेल, वजन वाढणार नाही. उष्टं उरलेलं ओतून टाक. आणि डब्यावर 'आईचं दूध सर्वोत्तम' अशा अर्थाचं ठळक लिहिलेलं असतं ना, ते 1992 च्या कायद्यानं सक्तीचं आहे, कंपन्यांना आवर घालायला. तुला टोचायला नव्हे.

वजन धरलं की डॉक्टरांना विचारून वरचं हळूहळू कमी करून बघता येईल. नाही झालं, तर दोन्ही चालू दे. माझ्या थोरलीनं वर्षभर दोन्ही घेतलं.

दिवसात सहापेक्षा कमी वेळा लघवी झाली किंवा बाळ मलूल होऊन ओढेनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. एरवी आठवड्यानं त्याच काट्यावर, कपडे काढून वजन कर आणि ताई कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी नोंदकार्डावर, लिहून घे. (कानडीत ताई म्हणजे आई, कुणाची बहीण नव्हे!) जाताना सासूबाईंना घेऊन जा. काटा त्यांनाही दिसू दे.