ब्लॅक एल्क यांच्याविषयी लिहिताना

सप्रेम आशीर्वाद.

अमेरिकेतील लाकोटा या आदिवासी जमातीचे वैदू ब्लॅक एल्क यांच्यावरील तुझ्या लेखाचा मसुदा मिळाला. भाषा नेटकी आहे आणि घेतलेले कष्टही दिसतात. परंतु लेख 29 डिसेंबर 1890 रोजी, वाउंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने केलेल्या लाकोटांच्या हत्याकांडापाशी येऊन थांबतो, आणि ज्यांच्यावर तो लिहिला आहेस ते त्यानंतर जवळजवळ साठ वर्षे जगले. 1863 साली जन्मलेल्या आणि 1950 च्या ऑगस्टमध्ये निवर्तलेल्या माणसाचे आयुष्य सत्ताविसाव्या वर्षी आटोपते घेतले, तर हाती येते ती एका पराभवाची कहाणी. चरित्र राहूनच जाते.

दोष तुझ्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही. जॉन नायहार्ट या कवीने 1932 मध्ये प्रसिद्ध केलेले ‘ब्लॅक एल्क स्पीक्स’ हे पुस्तकही तिथेच थांबते, आणि तू सर्वस्वी त्यावर विसंबला आहेस. म्हणून ते पुस्तक कसे घडले हे आधी नीट समजून घे. 1931 च्या मे महिन्यात, साउथ डकोटातील पाइन रिज राखीव प्रदेशात मँडरसनजवळच्या आपल्या घरी ब्लॅक एल्क लाकोटा भाषेत बोलत. त्यांचा मुलगा बेन ते इंग्रजीत सांगे. नायहार्ट ते वाक्य आपल्या शब्दांत पुन्हा उच्चारून खात्री करून घेत. आणि नायहार्ट यांची मुलगी एनिड ते लघुलिपीत टिपून घेई. भोवती स्टँडिंग बेअर, फायर थंडर यांच्यासारखे वृद्ध बसलेले असत आणि लढायांच्या हकिकतीत आपापली भर घालत. त्या टिपणांवरून पुढे नायहार्ट यांनी पुस्तक रचले. ही मूळ टिपणे रेमंड डिमॅली या मानववंशशास्त्रज्ञाने 1984 मध्ये प्रकाशित केली, आणि तेव्हा सर्वांना पडताळून पाहता आले की ज्या परिच्छेदात एका जनसमूहाचे स्वप्न वाउंडेड नीच्या बर्फात मेले असे म्हटले आहे, तो परिच्छेद टिपणांत नाही; तो नायहार्ट यांचा आहे. तुझ्या लेखाचा शेवट नेमका त्यावरच उभा आहे. प्रक्षिप्त ओव्यांची चिकित्सा करण्याची परंपरा ज्या भाषेला एकनाथांपासून आहे, त्या भाषेत लिहिणाऱ्याने एवढी खातरजमा केलीच पाहिजे. नायहार्ट यांना मात्र खलनायक ठरवू नकोस; ब्लॅक एल्क यांनी त्यांना मुलगा मानले होते, आणि तो गृहस्थ तिथे गेला नसता तर आज आपल्यापुढे टिपणेही नसती.

ब्लॅक एल्क यांना बालपणी झालेल्या दृष्टान्ताचा भाग तू रंगवून लिहिला आहेस: नवव्या वर्षीचे आजारपण, बारा दिवस निपचित पडलेला मुलगा, ढगांतील तंबूत बसलेले सहा आजोबा, चार दिशांकडून चार रंगांचे घोडे, उत्तर-दक्षिण जाणारी चांगुलपणाची लाल वाट आणि तिला छेदणारी युद्धाची, संकटांची काळी वाट, आणि जमातीच्या वर्तुळाच्या मध्यभागी बहरणारे झाड. हे सारे ठीक आहे. पण पुढे काय झाले ते तू दोन ओळींत उरकलेस, आणि माझ्या मते त्यांच्या शिकवणीचा गाभा तिथेच आहे. मुलाने ही गोष्ट वर्षानुवर्षे कोणालाही सांगितली नाही. सोळा-सतरा वर्षांचा झाल्यावर मेघगर्जना ऐकली की त्याचा थरकाप होऊ लागला, आई-वडील काळजीत पडले, आणि शेवटी ब्लॅक रोड नावाच्या वृद्ध वैदूपाशी त्याने तोंड उघडले. त्या वृद्धाने सांगितलेला उपाय असा, की जे पाहिलेस ते लोकांसमोर करून दाखव. 1881 च्या वसंतात, मोंटानातील फोर्ट किओजवळ, तंबूवर दृष्टान्तातील चित्रे रंगवली गेली, काळे, पांढरे, तांबूस आणि पिवळसर असे चार-चार घोडे स्वारांसह उभे राहिले, सहा वृद्ध त्या सहा आजोबांच्या जागी बसले, आणि सारी वस्ती त्यात सामील झाली. दृष्टान्त जनांसमोर प्रत्यक्षात उतरल्याखेरीज त्याचे सामर्थ्य वापरता येत नाही, असे ब्लॅक एल्क यांनी म्हातारपणी स्पष्ट सांगितले आहे; लोकांवर उपचार करायला ते लागले तेही यानंतरच. ‘अंतर्मनाचा प्रवास’ हे तुझे उपशीर्षक त्यामुळे मला पटलेले नाही. एकट्याने अनुभवलेली गोष्ट वस्तीच्या स्वाधीन करणे ही इथली खरी घटना आहे.

बफेलो बिल या अमेरिकी खेळवाल्याच्या फिरत्या खेळांसोबत केलेला इंग्लंडचा प्रवास आणि 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीपुढे झालेला नाच यांना तू दोन पाने दिली आहेस. एक परिच्छेद पुरे.

वाचलेली जागा 1904 नंतरच्या काळाला दे. ब्लॅक एल्क यांची मुलगी ल्यूसी हिने सांगितलेली हकीकत अशी, की एका आजारी मुलावर ते ढोल आणि खुळखुळा घेऊन उपचार करत असताना जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री लिंडबनर तिथे आले, त्यांनी ती सामग्री बाहेर भिरकावली आणि ब्लॅक एल्क यांना आपल्यासोबत मिशनमध्ये नेले. 6 डिसेंबर 1904 रोजी, संत निकोलस यांच्या सणाच्या दिवशी, त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते निकोलस ब्लॅक एल्क झाले. पुढची कित्येक वर्षे ते धर्मशिक्षक होते: पाद्री पोहोचू शकत नसत तिथे लाकोटा भाषेत प्रार्थना चालवत, आजाऱ्यांना भेटत, मृतांना मूठमाती देत. धर्मशिक्षकांच्या हाती तेव्हा एक लांबलचक चित्रपट्टी असे. तिच्यावर सृष्टीच्या आरंभापासून स्वर्ग-नरकापर्यंतच्या दोन वाटा रंगवलेल्या असत. ती पट्टी आणि त्यांच्या दृष्टान्तातील वाटा यांतले साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले नाही.

इथे तू विचारशील, जसे सगळेच विचारतात, की खरे ब्लॅक एल्क कोणते. बाप्तिस्मा झाला त्या काळात लाकोटांचा सूर्यनृत्यासारखा विधी सरकारी नियमांनी गुन्हा ठरवलेला होता, हे लेखात आलेच पाहिजे. पण एवढ्यावरून त्यांची श्रद्धा नाइलाजाची होती असा निकाल देण्याची घाई करू नकोस. 1934 मध्ये त्यांच्या नावाने आपण कॅथलिक असल्याची ग्वाही देणारे निवेदन निघाले, आणि त्याच दशकात ब्लॅक हिल्समध्ये पर्यटकांसमोर ते जुने विधी करून दाखवत होते. 1947-48 च्या सुमारास, दृष्टी जवळपास गेलेली असताना, त्यांनी जोसेफ ईप्स ब्राउन या तरुणाला पवित्र चिलमीचे सात विधी बैजवार सांगितले. या घटना एकापुढे एक मांड आणि त्यांच्यातला ताण वाचकासमोर तसाच राहू दे. ल्यूसी वडिलांना प्रामुख्याने धर्मशिक्षक म्हणून ओळखत होती, तर पुढे लाकोटा तरुणांच्या एका पिढीने त्याच माणसाच्या शब्दांतून जुना धर्म पुन्हा हाती घेतला. दोघांनाही जागा दे.

मुलाखती संपल्यावर ते नायहार्ट यांच्यासह ब्लॅक हिल्समधील हार्नी शिखरावर चढले होते. पवित्र वृक्षाचे एखादे मूळ अजून जिवंत असेल तर त्याला जोपास, अशी प्रार्थना त्यांनी तिथे केली. ही प्रार्थना तुझ्या मसुद्यात कुठेच नाही. 2016 मध्ये त्या शिखराला ब्लॅक एल्क यांचे नाव देण्यात आले आणि पुढच्याच वर्षी रॅपिड सिटीच्या धर्मप्रांताने त्यांना संतपद मिळावे यासाठीची प्रक्रिया सुरू केली. तीही नोंद कर.

नवा मसुदा करताना 1932 चे पुस्तक आणि 1984 ची टिपणे शेजारी-शेजारी ठेव, आणि प्रत्येक अवतरणापुढे ते कोणाचे शब्द आहेत हे समासात लिहून काढ. तो समास पुसून न टाकता माझ्याकडे पाठव.

कळावे.