पाण्याची वीज, कोळशाची वीज : कुठे काय उरलं?

मुंबई-पुणे पट्ट्यातल्या जुन्या वीजकेंद्रांबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

खोपोलीचं वीजकेंद्र 1915 सालचं. त्याचे अवशेष कुठे पाहायला मिळतील? (एक वाचक, पनवेल)

अवशेष म्हणाल तर पंचाईत आहे, कारण केंद्र अजून चालू आहे. टाटांची घाटातली तिन्ही केंद्रं चालू आहेत : खोपोली 1915, भिवपुरी 1922 आणि भिरा 1927. खोपोलीत आज 24 मेगावॉटचे तीन संच आहेत, मूळ यंत्रं कधीच निघाली. यंत्राला आयुष्य असतंच. पेल्टन चाकाच्या (पाण्याच्या धारेने फिरणाऱ्या चाकाच्या) वाट्या झिजतात, जनित्राच्या गुंडाळीवरचं आवरण जुनं होऊन तडकतं. पण तलाव झिजत नाहीत आणि घाटाचा कडाही खचत नाही, म्हणून जागा तीच राहिली.

1915 चं काही पाहायचं तर खोपोलीत नव्हे, वर लोणावळ्यात पाहा. वलवण, लोणावळा आणि शिरोता हे तलाव त्याच योजनेचे. शिरोत्याचं पाणी बोगद्यातून वलवणमध्ये येतं. तिथून उघड्या, बांधीव कालव्याने ते खंडाळ्याच्या फोरबेपर्यंत, म्हणजे पाइपांच्या तोंडाशी असलेल्या टाकीपर्यंत जातं. या कालव्यालाच लोणावळेकर ‘डक्ट लाईन’ म्हणतात. फोरबेपासून पाइप कड्यावरून थेट खोपोलीत उतरतात. डक्ट लाईन कंपनीची आहे, तेव्हा परवानगीशिवाय तिच्या कडेने चालू नये. पाणी संथ दिसतं, पण भिंती गुळगुळीत आहेत. आत पडलेल्याला धरायला काही सापडत नाही.

एक गोष्ट बरेचदा विसरली जाते. हे सगळं पाणी मुळात भीमेच्या खोऱ्यातलं, म्हणजे पूर्वेला जाणारं. वीज करून ते कोकणात सोडलं जातं : खोपोलीचं पाताळगंगेत, भिवपुरीचं उल्हास नदीत, भिऱ्याचं कुंडलिकेत. भिऱ्यासाठी मुळशीचं धरण झालं आणि त्याविरुद्ध 1921 पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. जमिनी गेल्या मावळातल्या शेतकऱ्यांच्या, वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. वीजकेंद्रांच्या इतिहासात धरणाखाली गेलेल्या या गावांची नोंद यंत्रांच्या आधी व्हायला हवी, असं आमचं मत आहे.

एक युनिट विजेला किती पाणी लागतं? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

सूत्र सोपं आहे : किलोवॉट = 9.81 × दर सेकंदाचे घनमीटर × उंची (मीटर) × कार्यक्षमता. उंची 500 मीटर आणि कार्यक्षमता 0.85 धरा. दर सेकंदाला 1 घनमीटर पाणी सोडलं तर सुमारे 4,170 किलोवॉट मिळतात. म्हणजे एका युनिटला साधारण 860 लिटर. तेच धरण 50 मीटर उंचीचं असेल तर 8,600 लिटर लागतील. घाटमाथ्यावरचे छोटे तलावसुद्धा मुंबईला वीज कशी पुरवू शकले, ते यावरून कळेल.

याच हिशेबाने खोपोलीचे 72 मेगावॉट पूर्ण भाराने चालवायला दर सेकंदाला सुमारे 17 घनमीटर पाणी लागेल. पाऊस मात्र चारच महिने पडतो. म्हणून एवढे तलाव.

पाइप फुटण्याचा धोका किती? वरच्या झडपा कशासाठी असतात? (निवृत्त फिटर, कर्जत)

500 मीटर उंचीच्या पाण्याचा तळाशी दाब दर चौरस सेंटिमीटरला 50 किलो असतो. पाइपाच्या टोकाच्या तोटीतून चाकावर निघणारी धार सेकंदाला जवळजवळ 100 मीटर वेगाची. पण स्थिर दाबाने पाइप सहसा फुटत नाही, तो फुटतो पाणी एकदम अडवल्यामुळे. सेकंदाला 3 मीटर वेगाने वाहणारं पाणी झटक्यात थांबवलं तर आणखी सुमारे 300 मीटर उंचीएवढा दाब चढतो. दीड किलोमीटर लांबीच्या पाइपात ‘झटक्यात’ म्हणजे सुमारे 3 सेकंदांच्या आत. म्हणून लाईन ट्रिप झाली (वीजवाहिनी अचानक बंद पडली) की आधी धारेपुढे डिफ्लेक्टर येतो आणि धार वाट्यांवरून बाजूला वळवतो. चाक सुसाट सुटत नाही, पाणीही थांबत नाही. मग तोटीतली सुई सावकाश पुढे सरकून धार बंद करते.

उलटा अपघातही होतो, आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. वरची झडप बंद झाली, खालून पाणी निघून गेलं आणि हवा आत शिरली नाही, तर पाइपात पोकळी होते. मग बाहेरच्या हवेच्या दाबानेच पाइप चेपतो. वरच्या झडपेच्या लगेच खाली हवेची झडप असते ती यासाठीच. ती गंजून अडकलेली नाही ना, हे पावसाळ्याआधी हाताने हलवून पाहायलाच हवं. फोरबेच्या जाळीकडेही लक्ष हवं. गवत-पाला अडकला की पाणी कमी पडतं आणि पाइपात हवा ओढली जाते.

मुंबई शहरात वीज कुठे तयार होत होती? (दादर)

बेस्टच्या मूळ कंपनीने 1905 मध्ये वाडीबंदरला कोळशावरचं केंद्र सुरू केलं आणि 1907 मध्ये विजेची ट्राम धावली. मागणी वाढल्यावर 1912 मध्ये माझगावच्या कसारा इथे दुसरं केंद्र आलं. पुढे टाटांची वीज विकत घेणं स्वस्त पडू लागलं आणि शहरातली निर्मिती थांबली. कोळशाचं केंद्र बंद पडलं की मागे मोक्याची जमीन आणि विकण्याजोगं भंगार उरतं, त्यामुळे ते फार काळ टिकत नाही. जुनी उपकरणं पाहायची तर आणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात जावं.

ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाऊस कोणाचं होतं? (डोंबिवली)

रेल्वेचं. व्हीटी-कुर्ला मार्गावर 1925 मध्ये 1,500 व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) गाडी धावली, ती टाटांच्या विजेवर. पुढे घाट ओलांडून पुण्यापर्यंत विद्युतीकरण करायचं ठरलं, तेव्हा जीआयपी रेल्वेने (आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वीच्या कंपनीने) स्वतःचं केंद्र उभारलं. कोळसा रेल्वेनेच येई, पाणी उल्हास नदीचं. 1980 च्या दशकात ते बंद झालं. मुंबईच्या रेल्वेची डीसी यंत्रणाही 2016 पर्यंत 25,000 व्होल्ट एसीवर (दिशा बदलणाऱ्या विजेवर) गेली.

जंगलात जुना सिमेंटचा ठोकळा दिसला तर तो वीजकेंद्राचा कसा ओळखावा? (एक ट्रेकर)

पाइप भंगारात जातो, ठोकळे राहतात. एका सरळ रेषेत उतारावरून खाली येणारे, वर अर्धगोल खाच असलेले छोटे खांब म्हणजे पाइपाची बैठक. जिथे रेषा वळते तिथला अवजड ठोकळा पाइप जखडण्यासाठी असतो. दोन ठोकळ्यांच्या मधे सरकता सांधा लागतो, कारण 100 मीटर लोखंडी पाइप 30 अंशांच्या फरकाने सुमारे 36 मिलिमीटर वाढतो. रेषेच्या माथ्यावर टाकी आणि पायथ्याशी नदीकडे जाणारा बांधीव चर सापडला, तर ते वीजकेंद्रच. नुसता पाणीपुरवठ्याचा पाइप असेल तर हा चर नसतो.

कुंडलिकेत राफ्टिंगला उन्हाळ्यातही पाणी कसं? (कोलाड)

भिऱ्याचे संच चालले की ते पाणी खाली येतं. संच बंद, तर नदी उथळ. म्हणून पाऊस नसतानाही पात्र अचानक भरतं. खडकांवर बसायचं, पोहायचं असेल तर त्या दिवशीची पाणी सोडण्याची वेळ स्थानिकांकडून आधी विचारून घ्यावी आणि सामान काठाच्या वर ठेवावं.