प्रकाशतार की प्रकाशतंतू?

प्रश्न असा आहे : मुलीने शाळेच्या प्रकल्पवहीत ऑप्टिकल फायबरसाठी ‘प्रकाशतार’ लिहिलं, बाईंनी ते खोडून ‘प्रकाशीय तंतू’ केलं. घरी नेट जोडायला आलेला माणूस मात्र ‘फायबरची वायर’ म्हणत होता. यातलं बरोबर कोणतं?

मी बाईंच्या बाजूचा. मराठीत तार म्हटलं की धातू आला. कुंपणाची तार, विजेची तार. तारायंत्र आणि ‘गावाहून तार आली’ हेही त्यातूनच. ऑप्टिकल फायबर असतो काचेचा आणि त्यातून वीज नाही, प्रकाश जातो. तंतुवाद्यालाही धातूच्या तारा असतात की, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. तंतू धातूचाही चालतो, पण काचेची तार मराठी कानाला पटत नाही.

‘तंतू’ मला आवडतो तो त्याच्या मुळामुळे. संस्कृत ‘तन्’ म्हणजे ताणणे, आणि ताणून होतो तो तंतू. हा काचेचा तंतू अगदी तसाच होतो! अतिशुद्ध काचेचा दांडा भट्टीत सुमारे २००० अंश सेल्सिअसला तापवतात आणि त्याचं मऊ झालेलं टोक ओढत ओढत कित्येक किलोमीटर लांबीचा धागा काढतात. काचेची जाडी भरते १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. ज्यांनी हा शब्द निवडला त्यांच्या मनात ही भट्टी होती की नाही, कोण जाणे. पण शब्द नेमका बसला आहे.

‘प्रकाशीय तंतू’ चूक नाही. मला ‘प्रकाशतंतू’ जास्त सुटसुटीत वाटतो. मात्र ‘फायबर ऑप्टिक्स’ हे वस्तूचं नाव नाही, शास्त्राचं आहे. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी ते १९६० साली रूढ केलं. त्याला ‘तंतुप्रकाशिकी’ म्हणावं.

खरी अडचण येते ती ‘क्लॅडिंग’पाशी, म्हणजे तंतूच्या गाभ्याभोवतीच्या थरापाशी. पुष्कळ जण त्याला ‘आवरण’ म्हणतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, वरचं प्लॅस्टिक. पण क्लॅडिंगही काचच. लांब पल्ल्याच्या सिंगल-मोड (प्रकाशाला एकच वाट असलेल्या) तंतूत मधला गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, बाकी सगळं क्लॅडिंग. त्याचा अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती वाकवते त्याचं माप) गाभ्यापेक्षा किंचित कमी असतो, म्हणूनच पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन, म्हणजे कडेवरून पुन्हा आतच उलटून, प्रकाश गाभ्यात कोंडून राहतो. मी त्याला ‘काचकवच’ म्हणेन आणि ‘आवरण’ हा शब्द बाहेरच्या प्लॅस्टिकसाठी ठेवेन.

केबल आणि फायबर एक नव्हेत. रस्त्याकडेला पुरलेल्या एकाच केबलमध्ये २४, ४८, ९६ तंतू असू शकतात. त्यामुळे ‘फायबरची केबल’ ठीक, ‘फायबरची वायर’ नको.

केबल तुटली की तंतूंची टोकं वितळवून जोडतात. या कामाला सगळे स्प्लाइसिंगच म्हणतात. लिहिताना ‘सांधणी’ चालेल. ९ मायक्रॉनचे दोन गाभे समोरासमोर तंतोतंत यावे लागतात, नाहीतर प्रकाश तिथेच गळतो. ‘तंतोतंत’मधला तंत म्हणजेही धागाच.

मुलीला एक शुद्धलेखनाचंही सांगा. सुटा शब्द ‘तंतू’ दीर्घ, ‘प्रकाशतंतू’सुद्धा दीर्घच, पण समासात आधी आला की ऱ्हस्व : तंतुवाद्य, तंतुप्रकाशिकी.