स्त्री-पुरुषांच्या स्वभावातला फरक जन्मजात असतो की शिकवलेला?

तुम्ही विचारलंय की बायका मुळातच सोशिक आणि पुरुष मुळातच तापट असतात का. माझं मत: थोडं रक्तातलं, बरंचसं घरातलं, आणि मुळात फरक आपण धरून चालतो तेवढा नाहीच. जॅनेट हाइड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2005 साली स्त्री-पुरुषांतल्या फरकांवरच्या अभ्यासांचे 46 एकत्रित आढावे तपासले. त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त फरक किरकोळ किंवा नसल्यातच जमा निघाले.

तरी रक्तातलं काहीच नाही असंही नाही. एका विकारामुळे आईच्या पोटातच पुरुषी संप्रेरकं जास्त मिळालेल्या मुली, मुलगी म्हणूनच वाढवल्या तरी, इतर मुलींपेक्षा गाड्यांशी जास्त खेळतात.

पण सोशिकपणाचं म्हणाल तर मला पटत नाही. आमची आत्या सासरी येळ्ळूरला पदर सावरत "हं" एवढंच बोलायची. माहेरी आली की दारातूनच हाक, भावांशी वाटणीवरनं भांडण, आणि बेळगावच्या बाजारात कोथिंबिरीच्या एका पेंडीसाठी कानडीत अशी घासाघीस की विकणारी हात जोडायची. बाई तीच, फक्त एसटीनं तासभर अंतर. (आजी मात्र म्हणायची, "पोरीच्या जातीला एवढा आवाज बरा न्हवं.") निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांनीही 1980 च्या सुमारास संघटना बांधून मालकांपुढं संप केला, त्यांनाही आधी सगळे सोशिकच म्हणत असणार.

2009 साली छापून आलेला एक प्रयोग बघा. टांझानियातल्या पितृवंशीय (वंश बापाकडून धरणाऱ्या) मसाई जमातीमध्ये स्पर्धेत उतरायला तयार झालेल्या पुरुषांचं प्रमाण बायकांच्या जवळपास दुप्पट होतं. मेघालयातल्या मातृवंशीय (वंश आईकडून धरणाऱ्या) खासी जमातीमध्ये मात्र बायकाच पुरुषांपेक्षा पुढं होत्या.

एक गोष्ट मात्र माझ्या मताला अडचणीची आहे. 2001 साली स्वभावाच्या प्रश्नावलीवरून 26 संस्कृतींची तुलना झाली, तेव्हा स्वभावातला फरक युरोप-अमेरिकेतच जास्त दिसला, परंपरागत समाजांत कमी. शिकवण्यानंच सगळं होत असतं तर उलट दिसायला हवं होतं. यावर एक खुलासा दिला जातो आणि तो मला आमच्याकडं तरी खरा वाटतो: "तुम्ही भित्र्या आहात का?" असं इथल्या बाईला विचारलं, तर ती स्वतःला नवऱ्याशी नाही, शेजारच्या वहिनीशी ताडून उत्तर देते. मग प्रश्नावलीत फरक उमटणार कुठून?