कमी भावाचे घोडे आणि दूरचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या पावसाळी मोसमात आपण फक्त 70/100 (शंभर लावून सत्तर मिळवणे) किंवा त्याहून कमी भावाच्या घोड्यांवर पैसे लावलेत, चारांतले साधारण तीन घोडे जिंकले आणि मोसमाअखेर आपल्या वहीत थोडा फायदा दिसतो आहे. तेव्हा हीच पद्धत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या हंगामात आणि पुढे काही वर्षे चालवली, तर ती टिकेल का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. शिवाय आपल्या वहीतला फायदासुद्धा मला खरा वाटत नाही, कारण आपण दिलेल्या आकड्यांत कर कुठेच धरलेला दिसत नाही.

आधी कर बाजूला ठेवून बोलू. 50/100 हा भाव म्हणजे शंभर लावून पन्नास मिळवणे. अशा घोड्यांवर नुसती बरोबरी साधायची झाली तरी तिनांतले दोन जिंकावे लागतात. 40/100 ला हे प्रमाण शेकडा एकाहत्तरच्या वर जाते आणि 25/100 ला शेकडा ऐंशीवर. ‘माझे चारांतले तीन लागतात’ या वाक्याला, सरासरी भाव काय होता हे सांगितल्याशिवाय, काहीच अर्थ नाही. समजा आपण 40/100 च्या घोड्यांवर प्रत्येकी हजार रुपयांचे शंभर डाव खेळलात. पंचाहत्तर लागले तर पाच हजारांचा फायदा होतो आणि सत्तर लागले तर दोन हजारांचा तोटा. एवढ्या डावांत चार-पाच विजयांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. एका मोसमाच्या वहीवरून पद्धत चांगली की नशीब चांगले, हे म्हणूनच ठरवता येत नाही.

आता बुकीच्या फळ्याकडे पाहू. सहा घोड्यांच्या एखाद्या शर्यतीत 70/100, तीनास एक (एक लावून तीन मिळवणे), पाचास एक, आठास एक, बारास एक आणि वीसास एक असे भाव लागले आहेत असे धरा. प्रत्येक भावातून निघणारी शक्यता काढून बेरीज केली, तर ती शंभर न येता एकशेचोवीसच्या आसपास येते. वरचे चोवीस ही बुकीची अडत. आपण मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला बसणारे आहात. अडत, हमाली आणि तोलाई वजा केल्याशिवाय पट्टीवरचा दर खरा मानायचा नसतो, हे आपल्याला मी सांगायला नको. फळ्यावर 70/100 म्हणजे जिंकण्याची शक्यता शेकडा एकोणसाठ वाटते, पण अडत सर्व घोड्यांवर सारखी वाटली तर ती सत्तेचाळीसच्या आसपास उतरते.

अडत सारखी वाटलेली नसते, हेही खरे, आणि आपल्या पद्धतीच्या बाजूने बोलणारा मुद्दा तेवढा एकच आहे. 1949 मध्ये ग्रिफिथ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने शर्यतींचे निकाल तपासून दाखवले की, लोक लांब भावाच्या घोड्यांवर गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेवरिटला, म्हणजे सर्वांत कमी भावाच्या घोड्याला, थोडे कमी लेखतात. पुढे अनेक देशांत हेच आढळले, हाँगकाँगच्या शर्यतींत मात्र तसा कल दिसला नाही. त्यामुळे डोळे मिटून फेवरिटवर लावणारा माणूस डोळे मिटून वीसास एकवाल्यावर लावणाऱ्यापेक्षा हळू बुडतो. फेवरिटवर खेळणारे जुने लोक मोसमभर तग धरतात ते यामुळेच, आणि नवख्यांना ते फायद्यात असल्यासारखे वाटतात.

फार कमी भावात एक पराभव किती महाग पडतो, याचे ठळक उदाहरण सेक्रेटेरियट या अमेरिकी घोड्याचे आहे. जून 1973 मध्ये त्याने बेलमाँटची शर्यत घोड्याच्या एकतीस लांबींनी जिंकली, तेव्हा दोन डॉलरच्या तिकिटाला दोन डॉलर वीस सेंट मिळाले. ऑगस्टमध्ये साराटोगाच्या व्हिटनी शर्यतीतही त्याचा भाव दहा लावून एक मिळवण्याचाच होता, आणि तिथे तो ओनियन नावाच्या घोड्याकडून हरला. अशा भावात एक हार दहा विजयांची कमाई घेऊन जाते, मग घोडा कितीही थोर असो.

आता कराकडे येऊ, कारण आपल्या प्रश्नाचा निकाल तिथेच लागतो. घोड्यांच्या शर्यतीवरील पैजेचा जीएसटी पूर्वी 28 टक्के होता; 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला आहे. तो नफ्यावर लागत नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर लागतो. शंभरच्या डावासाठी खिशातून एकशेचाळीस जातात असे धरा. 40/100 चा घोडा जिंकला की हातात एकशेचाळीसच येतात, म्हणजे जिंकूनही पदरात शून्य. भाव याहून खाली असेल तर घोडा जिंकला तरी आपण तोट्यातच. 70/100 ला बरोबरी साधायला शेकडा ब्याऐंशीहून अधिक घोडे जिंकायला हवेत, आणि बरोबरीच्या भावाला (शंभर लावून शंभर मिळवणे) शेकडा सत्तर. आपले चारांतले तीन, सगळेच्या सगळे 70/100 ला लागले असे मानले तरी, जुन्या 28 टक्क्यांच्या दरातसुद्धा तोट्यातच जातात. म्हणून वहीत बुकीला वा टोटला (सर्वांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या रेसकोर्सच्या खिडकीला) दिलेली पूर्ण रक्कम लिहा आणि कोल्हापूर-पुणे जाण्यायेण्याचा खर्चही लिहा. आपल्या गावात शर्यतीच्या नावाने रेसकोर्स नाकाच काय तो उरला आहे, त्यामुळे हा खर्च कुणालाच चुकत नाही.

कर न घेणाऱ्या एखाद्याकडे आपण पैसे लावत असाल, तर तो व्यवहार बेकायदेशीर आहे, आणि त्याने पैसे बुडवले तर कोर्टात दाद मागता येत नाही. याशिवाय एका वेळची जिंकलेली रक्कम दहा हजारांच्या वर गेली की 30 टक्के उद्गम कर (टीडीएस) कापला जातो, आणि हरलेल्या डावांची वजावट आयकरात मिळत नाही. वर्षभरात तीन लाख जिंकून पावणेतीन लाख हरलेल्या माणसाला कर तीन लाखांवरच भरावा लागतो.

‘हरलो तर पुढच्या डावात रक्कम वाढवून भरून काढतो’ असे आपण शेवटी लिहिले आहे, ते मात्र आजच थांबवा. बरोबरीच्या भावात रक्कम दुप्पट करून तरी भागते. 40/100 ला हजार गेले तर ते भरून काढायला अडीच हजार लावावे लागतात, तेही गेले तर पावणेनऊ हजार, आणि त्यानंतर तीस हजार सहाशे पंचवीस. चौथा घोडा हरला की बेचाळीस हजार आठशे पंच्याहत्तर गेलेले असतात, आणि यात कर अजून धरलेलाच नाही. चार फेवरिट ओळीने हरणे ही एखाद्या शनिवार-रविवारच्या शर्यतींत सहज घडणारी गोष्ट आहे.